नावापुढची चांदणी

५ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी सव्वासातला गाडी पोहोचली. रिक्षाने बनशंकरीला आलो. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेला गच्ची. वाटलं होतं त्यापेक्षा खूप चांगलं निघालं. ऊन थेट टेबलापर्यंत येतं. हवा गार आहे. कोपऱ्यावर पावट्याच्या शेंगांचे ढीग लागलेत, इथे त्यांना अवरेकाई म्हणतात. पाव किलो घेतल्या.

घरमालक बिंदुमाधव खाली राहतात. मराठीच, पण त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे बोलण्यात कानडी बरंच. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात उपकरणं दुरुस्त करून निवृत्त झाले. मला पहिल्यापासून अण्णा म्हणतात. कॉफी दिली, शोक दाखवत बसले नाहीत. महिनाअखेरपर्यंत घर सोडलं तरी चालेल म्हणाले.

अद्वैत, आमचा मुलगा, १० डिसेंबरला गेला. महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून परत येताना मोटारसायकलचा अपघात झाला. वय एकतीस. दिवस नागपूरला केले. आता त्याचं सामान आवरायला मी एकटाच आलो आहे. श्यामलाला, माझ्या बायकोला, प्रवास झेपला नसता.

टेलिफोन एक्सचेंजमध्ये तेहतीस वर्षं काढली. रोज संध्याकाळी फॉल्ट रजिस्टर भरायचं, मगच घरी जायचं. ती सवय सुटली नाही, म्हणून एक जुनं कोरं रजिस्टर बरोबर आणलं. त्यातच हे लिहितो आहे.

भिंतीवर त्याचा फोटो आहे. डाव्या भुवईवरची खूण स्पष्ट दिसते. पाच वर्षांचा असताना एक्सचेंजच्या लोखंडी जिन्यावरून पडला होता. सात टाके.

दूध तापवलं. साय काढून बशीत ठेवली आणि वर साखर घातली. ते झाल्यावर लक्षात आलं. साय त्याला लागायची. मला सायीचा वासही सहन होत नाही.

६ जानेवारी, सोमवार

कपडे बांधले. टेबलाकडे वळलो.

टेबलावर त्याचा जुना संगणक आहे, चाळीस वर्षांपूर्वी लोक घरी वापरत तसला. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, आणि पडदा म्हणून छोटा टीव्ही. शेजारी बुटांच्या खोक्याएवढी जड पेटी, ती फ्लॉपी ड्राइव्ह. तिला वेगळी वायर, वेगळं बटण. आत एक फ्लॉपी होती. लेबलवर त्याच्या अक्षरात ‘आठवणी’.

या यंत्रावरूनच आमचं बिनसलं. एप्रिलमध्ये त्याने फोनवर सांगितलं, नोकरी सोडून जुने संगणक दुरुस्त करायचं मनात आहे. मी म्हणालो, भंगार गोळा करायला तुला इंजिनियर केला का. आणि फोन ठेवला. पुढचे आठ महिने तो फक्त आईशी बोलला. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकायचो.

त्याच्या वहीत सूचना नीट लिहिलेल्या आहेत. त्याप्रमाणे सुरू केलं. हिरवा दिवा लागला. पडद्यावर उत्तर आलं, ड्राइव्ह सापडत नाही.

८ जानेवारी, बुधवार

पेटी उघडली. केबलच्या सॉकेटमागे सोल्डरला बारीक तडा होता. नवीन सोल्डर घातलं. आता ड्राइव्ह सापडते, पण वाचायला गेली की हेड शेवटच्या खुंटीवर आपटतं. टक टक टक टक. मग लाल दिवा उघडझाप करत राहतो.

आवाज ऐकून बिंदुमाधव वर आले. अशा पेट्या त्यांनी पुष्कळ पाहिल्यात. ‘अण्णा, ही पेटी आमच्या वहिनीसारखी,’ म्हणाले. ‘हिला स्वतःचं डोकं आहे. काम सांगायचं आणि गप्प बसायचं. मध्ये बोललं तर डोकं आपटून घेते.’ महिनाभरात मी पहिल्यांदा हसलो. त्यांनी डोकं म्हटलं ते खरंच आहे. पेटीत तिचा स्वतंत्र प्रोसेसर असतो. संगणकाने एकदा काम दिलं की पुढचं तीच बघते.

९ जानेवारी, गुरुवार

दोष सापडला. हेडवर मळ होता आणि हेड जागेवरून केसभर सरकलं होतं. मी स्पिरिटने हेड पुसलं, बिंदुमाधवांनी स्क्रू ढिला करून मोटर हळूहळू फिरवली. फ्लॉपीही पुसली. तिच्या कडेला चौकोनी खाच असते, तिच्यावर एक काळी चिकटपट्टी होती. डिंक सुटून चिकट झाली होती आणि आत अडकत असावी. काढून टाकली.

साडेअकराला यादी पडद्यावर आली. बारा फाइली. यंत्राला देवनागरी येत नाही, नावं इंग्रजी अक्षरांत आहेत. मी इथे आपल्या लिपीत लिहितो. ‘आईचा डबा’, ‘नागपूरचा उन्हाळा’, ‘पहिली सायकल’ अशी. तळाशी, रिकामे ब्लॉक ६१. ब्लॉक म्हणजे जागा मोजायचं माप.

बारावं नाव ‘बाबांसाठी’.

ती एकटीच उघडत नाही. नावापुढे चांदणी आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

आज तेरा फाइली आहेत. काल मोजताना चुकलो असेन. नवीन नाव ‘जिना’, सात ब्लॉक. रिकामे ५४.

उघडली. त्या लोखंडी जिन्याची गोष्ट. रक्ताने भरलेला माझा पांढरा शर्ट मी धुवायला दिला नाही, एक्सचेंजच्या कपाटात दोन वर्षं ठेवला, हेही त्यात आहे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. श्यामलालाही नाही. पोराला कसं कळलं असेल? कपाट उघडून बघितलं असेल कधीतरी. दिवसभर बरं वाटत होतं. त्याला माहीत होतं म्हणजे.

१२ जानेवारी, रविवार

आणखी दोन, ‘रिले’ आणि ‘रेडिओ’. रिकामे ४१. शनिवारी मी त्याला एक्सचेंजमध्ये न्यायचो आणि स्टुलावर बसवून लाइन जोडणारे रिले पुसायला द्यायचो, ते सगळं आलंय. त्याची जीभ कशी बाहेर यायची तेसुद्धा. पण ती त्याला स्वतःला कशी दिसणार?

बिंदुमाधवांना चांदणीबद्दल विचारलं. म्हणाले, लिहायला घेतली, पण बंद न करताच यंत्र थांबलं की अशी चांदणी पडते. फाइल अपुरी आहे. पुरी झाल्याशिवाय ही पेटी ती वाचू देणार नाही. साफसफाईची एक आज्ञा असते, पण ती चांदणीवाल्या फाइलीच आधी पुसते, ती चुकूनही द्यायची नाही.

अपुरी म्हटल्यावर मला घाट आठवला. दहाव्या दिवशी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. तीन कावळे समोरच्या झाडावर बसून होते. माझ्या वहिनी म्हणाल्या, श्यामलाला आम्ही सांभाळू. कावळे हलले नाहीत. कुणी म्हणालं, तुझी गाडी तुझ्या मित्राला देऊ. नाही. गुरुजी घड्याळ बघत होते, सगळे उपाशी होते. शेवटी मी हात जोडून म्हणालो, तुझं जे अपुरं राहिलं असेल ते मी पुरं करीन. म्हणेपर्यंत एक उतरला.

हे सगळं बिंदुमाधवांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘आमच्याकडे गेलेल्याला शब्द देताना वस्तूचं नाव घेतात, अण्णा. हे देईन, ते करीन. असा मोघम शब्द कुणी देत नाही. स्वल्प, जरा बघून द्यायला हवा होता.’

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. खालच्या घरून मुली तीळ-गूळ-खोबऱ्याची ताटं घेऊन शेजारी निघाल्या. वर कुणी आलं नाही. वर्षभर आम्हाला सण नाही हे त्यांना कळतं. बरं वाटलं.

संगणकाचं बटण बंद केलं होतं. ड्राइव्हचा लाल दिवा मात्र तासभर चालू होता.

१५ जानेवारी, बुधवार

‘पतंग’, ‘बारसं’. रिकामे २७.

दुपारी श्यामलाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, अहो, त्या जिन्यावरून पडला तेव्हा तुम्ही कसे धावला होतात. मी विचारलं, कुठला जिना?  ती म्हणाली, खूण आहे ना भुवईवर. मी फोटोकडे पाहिलं. खूण आहे. कशाची ते आठवेना. तिला म्हटलं, थकलोय.

नंतर या रजिस्टरची पानं मागे उलटली. ५ तारखेला मी लिहिलंय, लोखंडी जिना, सात टाके. १० तारखेला शर्टाचं लिहिलंय. अक्षर माझं आहे. शर्ट मला आठवत नाही. ‘जिना’ फाइल पुन्हा उघडून वाचली. कुणा दुसऱ्याच्या मुलाची गोष्ट वाचावी तसं वाटलं.

‘रिले’ही तसंच.

‘बारसं’ अजून थोडं आहे. पाळण्यावर हिरवं कापड. हिरवंच असावं.

१६ जानेवारी, गुरुवार

कापडाचा रंग गेला. पाळणा होता का तेही सांगता येत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

बिंदुमाधवांना सगळं सांगितलं. वेडा ठरवतील असं वाटलं होतं. त्यांनी फ्लॉपी बाहेर काढायला लावली, कडेच्या खाचेवर बोट ठेवलं आणि विचारलं, इथली पट्टी कुठे गेली. मी सांगितलं, पुसताना काढली. ते खुर्चीवर बसले. खाचेवर पट्टी असली की पेटी फक्त वाचते. पट्टी काढली की लिहायची मुभा मिळते. अद्वैतने लावली ती उगीच लावली नसणार.

मी म्हटलं, पण लिहितंय कोण? कीबोर्डला मी हात लावत नाही.

ते उठले आणि पेटीची वायर भिंतीतून ओढून काढली. प्लग हातात धरून उभे राहिले. सकाळचे अकरा वाजले होते, खोलीभर ऊन. लाल दिवा चालू होता.

आम्ही दोघांनी पाहिलं. आत मोटर फिरत होती.

ते हळूच म्हणाले, ‘नक्कल होत नाहीये, अण्णा. ही तुमच्यातलं उचलून तिथे ठेवतेय. तुम्हीच म्हणालात, पुरं करीन.’

नवीन पट्टी कापून खाचेवर लावली. फ्लॉपी आत घातली. दिवा विझला.

१९ जानेवारी, रविवार

दोन दिवस यादी तीच आहे. २७ रिकामे. मलाही जे आठवत होतं ते आठवतं. काय उरलंय याची मोजदाद केली. गेलेलं इथे लिहिलेल्यावरून कळतं, त्याच्याबाहेर किती गेलं ते कळायला मार्ग नाही. त्याचा दहावीचा निकाल आहे. एकदा विहिरीत पोहायला नेलं होतं. खांद्यावर बसायचा तेव्हाचं वजन आहे. आणि तो फोन. तो शब्दन् शब्द आहे. चांगलं ते आधी जातं असं दिसतं.

चांदणी आहे तशीच आहे.

बिंदुमाधव म्हणतात, साफसफाईची आज्ञा द्या, पेटी मी खाली नेतो, विषय संपला. विषय संपेल. त्याचं माझ्यासाठीचं पत्रही संपेल.

२१ जानेवारी, मंगळवार

श्यामलाला पत्राचं सांगितलं. बाकीचं नाही. ती म्हणाली, काय लिहिलं असेल हो? मग तीच म्हणाली, तो रागावला नव्हता तुमच्यावर. मी विचारलं, तसं म्हणाला होता का. म्हणाली, म्हणाला नाही, पण मला कळायचं.

तिला कळायचं. मला कळलेलं नाही. मी फोन ठेवला त्यानंतरचं मला काहीच माहीत नाही.

सामान सगळं बांधून झालं. टेबल तेवढं राहिलंय.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी दहाला पट्टी काढली.

विचार करून काढली. २७ ब्लॉक भरले की हे पुरं होईल, मग चांदणी जाईल. श्यामलाला तो सगळा आठवतो. ती दोघांपुरता सांभाळेल. मला एवढंच हवंय, तो काय म्हणत होता ते. शिवाय शब्द दिलाय.

एक्सचेंजमध्ये लाइन बदलायच्या आधी तिला चिठ्ठी बांधायचो. तशी पेटीवर चिठ्ठी चिकटवली. ‘अद्वैतचं पत्र. चांदणी गेली की वाच.’ कसं उघडायचं तेही खाली लिहिलं.

बिंदुमाधवांना सांगितलं नाही. पट्टी निघताच दिवा लागला. मी अजून हात मागे घेतला नव्हता.

२४ जानेवारी

रिकामे १२. ‘विहीर’. ‘खांद्यावर’. उघडल्या नाहीत.

त्याचा आवाज कसा होता — श्यामलाला विचारलं. ती म्हणाली, असं काय विचारता. तिने लगेच निघून यायला सांगितलं. हो म्हटलं.

फोटोतला चेहरा ओळखतो. नाव चिठ्ठीवर आहे म्हणून —

टक टक सकाळपासून आहे. खुंटीवर आपटल्यासारखं नाही. एक, मग थांबून एक. टंकलेखन शिकणारं कुणी एकेक अक्षर शोधावं तसं. बिंदुमाधवांनी खालून हाक मारली. दार उघडलं नाही.

२५ जानेवारी

फक्त फोन उरलाय. भंगार हा शब्द. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. पलीकडे कोण होतं ते — माझा आवाज ऐकू येतो, पलीकडचा नाही.

हे तरी राहू दे असं वाटतंय. हे वाईट आहे पण माझं —

पट्टी लावायला गेलो. फ्लॉपी निघत नाही. खटका घट्ट बसलाय. दिवा लाल. ‘भंगार’ नाव यादीत येतंय, एकेक अक्षर, भ, भं —

२६ जानेवारी, रविवार

झोप चांगली लागली. बऱ्याच दिवसांनी डोकं हलकं आहे. खाली शाळेतल्या मुलांचा बँड वाजत गेला, झेंडे होते.

टेबलावर एक जुना संगणक चालू आहे. दुरुस्तीला घेतलेला दिसतो. जोडलेल्या पेटीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे, अद्वैतचं पत्र, चांदणी गेली की वाच. यादी पाहिली. रिकामे ० ब्लॉक. चांदणी कुठेच नाही. ड्राइव्ह शांत आहे, हेड नीट चालतं. चिठ्ठीप्रमाणे ‘बाबांसाठी’ ही फाइल उघडली. सहज वाचता आली. काम पुरं झालं याची नोंद म्हणून उतरवून ठेवतो.

‘बाबा, तुम्ही फोन ठेवलात तेव्हा मला हसू आलं होतं. भंगार म्हणालात, पण हा नाद तुम्हीच लावलात. स्टुलावर बसून रिले पुसायचो ते आठवतं का? तुम्ही म्हणायचात, बिघडलेल्या वस्तूवर रागवायचं नाही, तिला काय म्हणायचंय ते ऐकायचं. मी रागावलो नाही. तुम्ही रागावला असाल म्हणून फोन करायचं टाळत राहिलो. आपण दोघं सारखेच. मी विसरायच्या आत सगळं लिहून ठेवतोय, तुमच्या बाजूचं तुम्ही भरा. रविवारी फोन करतो. तुम्हीच उचला. आईला देऊ नका.’

पत्र चांगलं आहे. मुलगा समजूतदार वाटतो. वडिलांना ते मिळालेलं नसावं. त्यांचा पत्ता खालच्या बिंदुमाधवांना विचारायला हवा. कुणाचं असं पत्र यंत्रात पडून राहू नये.

श्यामलाचा फोन आला. खूप रडत होती. कोण गेलं म्हणून विचारलं तर आणखीच रडायला लागली. उद्याच्या गाडीने निघतो म्हटलं. या रजिस्टरची मागची पानं भरलेली दिसतात. एका फॉल्टसाठी एवढं कुणी लिहीत नाही. गाडीत वाचीन.

संगणक बंद केला. पेटी बंद केली. दोन्ही दिवे विझले.

दूध आणलं, तापवलं, निवू दिलं. जाड साय आली आहे. बशीत काढली, वर साखर घातली आणि बशी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवली. मला साय चालत नाही. मग ही बशी मी कुणासाठी —